नैरोबीत सहा रात्री, तिघं जण, पावणेचार लाख: एका बजेटची उकल

ताईने फोनवर विचारलेला प्रश्न साधा होता. "नैरोबीला माणशी दिवसाला किती लागतात ते सांग, म्हणजे मी गुणाकार करून ठेवते." ताई म्हणजे माझी मामेबहीण, पुण्यात शाळेत शिकवते. दाजी रेल्वेत नोकरीला आहेत आणि भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिघांना दिवाळीच्या सुट्टीत आफ्रिका बघायची होती, आणि मुंबईहून साधारण सहा तासांत थेट पोचता येतं म्हणून नैरोबी ठरलं. पैशाची मर्यादा सुरुवातीलाच स्पष्ट होती: सगळं धरून पावणेचार लाख, त्यावर एक रुपया नाही. हॉस्टेलमध्ये राहायचं नाही आणि पंचतारांकित हॉटेलही नको. स्वच्छ खोली, गरम पाणी, रात्री सुरक्षित परत येता यावं, आणि बघण्यासारखं काही पैशापायी सुटू नये, एवढीच अपेक्षा. याला मध्यम बजेट म्हणायला हरकत नाही.

मी कामानिमित्त नैरोबीत राहिलेली आहे, त्यामुळे हे काम हौसेने अंगावर घेतलं. ताईला मी सर्वात आधी तो गुणाकार सोडायला लावला. दिवसाची सरासरी काढून बजेट बांधायची पद्धत बँकॉकला चालते, सिंगापूरला चालते, कारण तिथले दिवस खर्चाने एकमेकांसारखे असतात. नैरोबीत तसं नाही. एक दिवस दहा हजार रुपयांत मजेत जातो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच चाळीस हजार उडालेले असतात. त्या दोन दिवसांची सरासरी कुठल्याच दिवसाला लागू पडत नाही.

याचं कारण असं की या शहरात दोन दरपत्रकं चालतात. भाजी, चहा, जेवण, टॅक्सी, मोबाइलचा डेटा हे सगळं शिलिंगमध्ये, म्हणजे तिथल्या माणसाच्या खिशाला धरून. राष्ट्रीय उद्यानांचं प्रवेशशुल्क, सफारीची गाडी, पर्यटकांसाठीची हॉटेलं हे सगळं डॉलरमध्ये, आणि परदेशी पाहुण्याचा दर केनियाच्या नागरिकापेक्षा कितीतरी पट जास्त. यात मला काही गैर वाटत नाही. आपल्याकडे ताजमहालाला किंवा वेरूळला परदेशी पर्यटक वेगळा दर देतातच. पण बजेट बांधताना हे दोन कप्पे वेगळे ठेवले नाहीत तर हिशोब हमखास चुकतो. २०२४ च्या सुरुवातीला एका डॉलरला सुमारे १६० शिलिंग मिळत होते, आणि काही महिन्यांतच तो भाव १३० च्या आसपास आला. शिलिंग स्वस्त झाला की जेवण आणि टॅक्सी स्वस्त होते. सिंह बघायचं तिकीट डॉलरमध्ये असतं, ते तसूभरही हलत नाही.

म्हणून आम्ही एक ठोक दर धरून बसलो: १ डॉलर म्हणजे ९० रुपये, १ शिलिंग म्हणजे ७० पैसे. पुढचे सगळे आकडे याच दराने.

मसाई मारा घ्यायचं की सोडायचं

पहिला वाद माराचाच झाला. दाजींच्या डोक्यात केनिया म्हणजे मसाई माराचं अभयारण्य. टीव्हीवर नदी ओलांडणारे हजारो विल्डबीस्ट सगळ्यांनी बघितलेत, तेव्हा तिकडे जाऊन ते बघायचे नाहीत म्हणजे पंढरपूरला जाऊन देवळात न जाण्यासारखं, असं त्यांचं म्हणणं. त्यांची ओढ मला मनापासून कळत होती, म्हणून नुसतं "नको" न म्हणता आकडे मांडले.

माराचं प्रवेशशुल्क परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. दिवाळी दुसऱ्या भागात पडते. दोन दिवसांचं शुल्क तिघांचं मिळून १,२०० डॉलर, म्हणजे १,०८,००० रुपये, आणि हे फक्त आत पाऊल ठेवायचे. नैरोबीहून मारा पाच-सहा तासांवर. त्यात सफारीची गाडी, चालक आणि दोन रात्रींचा मध्यम दर्जाचा कॅम्प धरला की रक्कम दोन लाखांच्या पुढे जाते. विमानाचं भाडं घातलं की पावणेचार लाख तिथेच संपतात, नैरोबी बघायला काही उरत नाही. शिवाय विल्डबीस्टचे मोठे कळप साधारणपणे जुलै-ऑगस्टमध्ये माराकडे येतात आणि दिवाळीपर्यंत बरेचसे दक्षिणेला, टांझानियाच्या सेरेंगेटीकडे परतायला लागलेले असतात. म्हणजे वर्षातला सर्वात चढा दर द्यायचा आणि ज्यासाठी द्यायचा ते हाती लागेलच असं नाही.

दाजींनी विचारलं, "मग जानेवारीत जाऊ?" जानेवारीत शुल्क निम्मं होतं, हवा कोरडी असते, माझ्या मते तोच उत्तम काळ. पण भाचीच्या परीक्षा आणि ताईची शाळा जानेवारीत सोडत नव्हती. मे महिन्याचा विचार दोन मिनिटंसुद्धा केला नाही. मार्च ते मे हा केनियातला मोठा पावसाळा. पुणेकरांना मेची सुट्टी सोयीची असली तरी नैरोबीला ती धार्जिणी नाही.

तेव्हा मारा पुढच्या खेपेला, स्वतंत्र सफारी म्हणून. या खेपेला नैरोबी आणि तिच्या आजूबाजूचा भाग नीट बघायचा. दाजींची समजूत निघाली ती एका वेगळ्याच गोष्टीने, ती पुढे येईलच.

शहराच्या अंगणातलं जंगल

नैरोबी नॅशनल पार्कला मध्यम बजेटवाल्यांनी नीट समजून घ्यायला हवं. १९४६ साली घोषित झालेलं, सुमारे ११७ चौरस किलोमीटरचं हे जंगल शहराच्या मध्यवर्ती भागापासून अर्ध्या तासावर आहे. सिंह, जिराफ, झेब्रे, रानम्हशी, आणि विशेष म्हणजे काळे गेंडे. गेंडा बघायचा असेल तर ही केनियातल्या चांगल्या जागांपैकी एक. हत्ती मात्र इथे जंगली अवस्थेत नाहीत. गवतात झेब्रा उभा आणि त्याच्यामागे शहरातल्या उंच इमारती, वरून खांबांवरून जाणारा रेल्वेपूल, असं दृश्य इथे दिसतं. १९८९ साली राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी बारा टन हस्तिदंत जाळून शिकारीविरुद्ध जगाला इशारा दिला, ती जागाही याच उद्यानात आहे.

शुल्काबाबत मी ताईला वरचा आकडा धरायला सांगितलं. बरीच वर्षं परदेशी प्रौढाला इथे ४३ डॉलर पडायचे. २०२५ च्या शुल्कवाढीत ते ८० डॉलर ठरवण्यात आलं आणि त्या वाढीला न्यायालयात आव्हानही दिलं गेलं. जुन्या प्रवासवर्णनांत ४३ वाचून तोच आकडा धरणारे फसतात. तिघांचे २४० डॉलर धरले. कमी लागले तर आनंद. हे पैसे रोख घेत नाहीत, ई-सिटिझन या सरकारी यंत्रणेवर ऑनलाइनच भरावे लागतात. आदल्या रात्री भरून पावती फोनमध्ये ठेवलेली बरी, कारण सकाळी सहाला फाटकावर नेटवर्कशी झटापट करण्यात सोनेरी वेळ जातो. सिंह बघायचा असेल तर उन्हं वर यायच्या आत आत असायला हवं.

गाडी हा यातला दुसरा मोठा खर्च. छप्पर उघडणारी गाडी चालकासह अर्ध्या दिवसाला सुमारे १०० डॉलर, आणि हा दर गाडीचा असतो, माणसांचा नाही. गाडीत सहा जण बसतात. तिघांनीच घेतली तर माणशी तेहतीस, अजून तिघं मिळाले तर निम्मं. ताईला अनोळखी लोकांबरोबर बसायला हरकत नव्हती, पण मी नको म्हटलं. एका कुटुंबाला गेंडा दिसला की तिथे अर्धा तास थांबायचं असतं, दुसऱ्याला सिंहाच्या मागे पळायचं असतं. या एका सकाळीपुरते पन्नास डॉलर वाचवण्यात मला अर्थ वाटला नाही. चालकाला १० डॉलर बक्षिसी धरली, ती तिथे अपेक्षित असते.

त्याच गाडीने अकरा वाजता हत्तींच्या अनाथालयात जायचं. शेल्ड्रिक ट्रस्टचं हे अनाथालय उद्यानाच्या कडेलाच आहे आणि सर्वसाधारण पाहुण्यांना रोज सकाळी अकरा ते बारा एवढा एकच तास खुलं असतं. आधी नोंदणी केल्याशिवाय प्रवेश नाही. माणशी सुमारे २० डॉलर. हा तास मी कुठल्याही बजेटमधून कापणार नाही. हिरवे कोट घातलेले सांभाळणारे दुधाच्या मोठाल्या बाटल्या घेऊन उभे राहतात, आणि झुडपांतून छोटी पिल्लं अक्षरशः धावत येतात, काहींच्या पाठीवर थंडीसाठी बांधलेली रंगीत घोंगडी. बाटली संपली की एखादं पिल्लू सांभाळणाऱ्याचा कोट सोंडेने ओढत राहतं. मग लाल चिखलात लोळणं सुरू होतं आणि दोरीजवळ उभ्या माणसांच्या कपड्यांवर तो चिखल उडतो. पांढरे कपडे घालून जाऊ नका, एवढं भाचीला आवर्जून सांगितलं.

या एका सकाळीचा हिशोब: उद्यान २४० डॉलर, गाडी आणि बक्षिसी ११०, हत्ती ६०. एकूण ४१० डॉलर, ३६,९०० रुपये. दिवसभराचं जेवण मिळवलं की बेचाळीस हजारांच्या घरात. आकडा ऐकून ताई गप्प झाली. पण माराच्या दोन लाखांसमोर ठेवल्यावर तिलाच पटलं की कापाकापी इथे नको, दुसरीकडे करू.

स्वस्त दिवस कसे भरायचे

दुसरीकडे म्हणजे शिलिंगच्या दिवसांत. इथेच दाजींची गोष्ट येते. नैरोबी शहर मुळात रेल्वेमुळे वसलं. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारा लोहमार्ग इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात टाकला, आणि १८९९ मध्ये वाटेतल्या दलदलीच्या पठारावर गोदाम आणि तळ उभारला, तेच पुढे नैरोबी झालं. हा मार्ग टाकायला हिंदुस्थानातून तीस हजारांहून जास्त मजूर नेले होते, त्यांतले सुमारे अडीच हजार तिथेच मेले. १८९८ मध्ये त्सावोच्या पुलाचं काम नरभक्षक सिंहांनी कित्येक महिने रखडवलं होतं. नैरोबीच्या रेल्वे संग्रहालयात त्या काळची इंजिनं आणि डबे आवारात उभे आहेत. दाजींना हे सांगितल्यावर मारा राहिल्याची खंत बरीच निवली. "आपल्याच माणसांनी टाकलेली लाइन बघायची राहिली असती," असं तेच म्हणाले. या सकाळीला खर्च काय, तर तिकीट काहीशे शिलिंग.

राष्ट्रीय संग्रहालयाला परदेशी प्रौढाला १,२०० शिलिंग, तिघांचे ३,६००. मानवाच्या उत्क्रांतीचे तुर्काना भागात सापडलेले जीवाश्म तिथे आहेत, त्यासाठी अर्धा दिवस सहज जातो. करुरा जंगल हे शहरातलंच, झाडीतून चालायला सुरेख. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते बिल्डरांच्या घशात जात होतं, तेव्हा वंगारी मथाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार खाऊन ते वाचवलं. मथाईंना २००४ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. तिघांची या तीन ठिकाणची तिकिटं मिळून ८,००० शिलिंग धरली. लँगाटातल्या जिराफ केंद्राला माणशी १,५००, म्हणजे ४,५०० शिलिंग. असा शहरी दिवस जेवण, टॅक्सी, तिकीट सगळं धरून तिघांना दहा हजार रुपयांच्या आत बसतो.

दोन दिवस नैवाशाला ठेवले. नैरोबीपासून सुमारे ९० किलोमीटर, वाटेत रिफ्ट व्हॅलीचा तो प्रचंड उतार दिसतो, आणि पुढे गोड्या पाण्याचं सरोवर, पाणघोडे, पेलिकन. एक रात्र सरोवराकाठी राहायचं. चालकासह गाडी दोन दिवसांना १८० डॉलर. मटाटूने म्हणजे तिथल्या वडापने हा प्रवास काहीशे शिलिंगांत होतो, हे मी ताईला सांगितलं. पण सामान, मुलगी आणि अनोळखी घाट, म्हणून तिने गाडीच घेतली. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

राहणं, जेवण आणि संध्याकाळचा प्रश्न

राहण्यासाठी भाचीने इंटरनेटवर शहराच्या मध्यभागी ३५ डॉलरचं हॉटेल शोधून ठेवलं होतं. ते मी रद्द करायला लावलं. मध्यवर्ती भागातली स्वस्त हॉटेलं, विशेषतः रिव्हर रोडच्या बाजूची, दिवसा गजबजलेली असतात. संध्याकाळी सातनंतर बाहेरगावच्या माणसाने तिथे पायी फिरणं शहाणपणाचं नाही. मग जेवायला जायचं तरी टॅक्सी, परत यायचं तरी टॅक्सी. खोलीवर वाचवलेले डॉलर टॅक्सीवर जातात आणि संध्याकाळी खोलीत कोंडून घेण्यात सुट्टीही जाते.

त्यापेक्षा पार्कलँड्स किंवा वेस्टलँड्स. पार्कलँड्समध्ये पिढ्यान् पिढ्या राहिलेली गुजराती, पंजाबी कुटुंबं आहेत. केनियात भारतीय वंशाच्या समाजाला २०१७ मध्ये देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता मिळाली. दोन खोल्यांचं, स्वयंपाकघर असलेलं, चोवीस तास पहारा असलेलं अपार्टमेंट ८५ डॉलरला धरलं. पाच रात्रींचे ४२५, नैवाशाच्या एका रात्रीचे १२०. किमतीत कर धरलेत का, हे आधी विचारायचं. तिथे मूल्यवर्धित कर १६ टक्के आणि वर पर्यटनाचा अधिभार असतो, आणि काही जण ते वगळूनच दर सांगतात.

स्वयंपाकघरामुळे न्याहारी घरी. दूध, ब्रेड, अंडी, अ‍ॅव्होकाडो, आंबे, सगळं सुपरमार्केटात मिळतं. केनियाचा चहा उत्तम, आणि तोही आपल्यासारखा दुधात उकळलेला. दुपारी साध्या खानावळीत चपाती, बीन्स, सुकुमा विकी, म्हणजे कांदा-टोमॅटोवर परतलेली हिरवी पालेभाजी. ताई शाकाहारी आहे आणि तिला या जेवणात काही अडचण येणार नाही; चपाती केनियात इतकी रुजली आहे की घरोघरी सणावाराला करतात. दाजींना एकदा न्यामा चोमा, निखाऱ्यावर भाजलेलं बकऱ्याचं मांस, मक्याच्या पिठाच्या उगालीबरोबर. संध्याकाळी पार्कलँड्सच्या डायमंड प्लाझात. तिथल्या फूड कोर्टमध्ये पाय ठेवताक्षणी निरनिराळ्या स्टॉलची पोरं मेन्यू कार्डं घेऊन चहूबाजूंनी घेरतात, प्रत्येक जण आपल्याच टेबलाकडे ओढतो. गोंधळून जायचं नाही. आधी शांतपणे बसायचं, मग दोन-तीन कार्डं घेऊन वेगवेगळ्या स्टॉलचं एकेक मागवायचं, सगळं एकाच टेबलावर येतं. तिघांना दिवसाला ७,००० शिलिंग ऐसपैस होतात. हॉटेलच्या रेस्टॉरंटात जेवलात तर हाच आकडा एका जेवणात जाईल.

शहरात फिरायला अ‍ॅपवरच्या टॅक्सी. वेस्टलँड्स-पार्कलँड्समधल्या छोट्या फेऱ्या तीनशे-चारशे शिलिंगांच्या, लँगाटाकडे जरा जास्त. दिवसाला २,५०० शिलिंग धरले, आणि अंधार पडल्यावर चालत जायचं नाही हे गृहीत धरूनच धरले. विमानतळावरून यायला-जायला प्रत्येकी १,८००, एक्स्प्रेस-वेच्या टोलसकट. टोल भाड्याव्यतिरिक्त असतो, चालक आधी विचारतो. गर्दीच्या वेळी तो देण्यात शहाणपणा आहे, नाहीतर मोंबासा रोडवर तास-दीड तास सहज जातो.

पैसे नेण्याची पद्धत

आपल्या बँकांच्या फॉरेक्स कार्डांवर केनियन शिलिंग सहसा भरता येत नाहीत. डॉलर भरायचे, आणि शिलिंगमध्ये खर्च झाला की बँक दोन चलनांमधला अधिभार लावते, बहुतेक वेळा साडेतीन टक्क्यांच्या आसपास. आमच्या बजेटात शिलिंगचा भाग ५४ हजार रुपयांचा, म्हणजे हा अधिभार दोन हजारांच्या आत. त्यासाठी जिवाचा आटापिटा करण्यात अर्थ नाही. रोख डॉलर नेताना नोटा नव्या हव्यात. जुन्या छापाच्या, दुमडलेल्या किंवा शाई लागलेल्या नोटा तिथे नाकारतात.

पण खरी सोय एम-पेसाची. २००७ मध्ये सफारीकॉमने सुरू केलेली ही फोनवरून पैसे देण्याची पद्धत आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधीची, आणि भाजीवालीपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे तिच्यावर चालतात. पासपोर्ट दाखवून सिम घेता येतं आणि त्यावरच एम-पेसा सुरू करता येतं. भाचीच्या नावावर एकच सिम घ्यायचं, एजंटकडे शिलिंग भरायचे, आणि रोजचा सगळा शिलिंगचा खर्च त्यातूनच करायचा, असं ठरलं. रोज रात्री फोनवरचे संदेश बघितले की दिवसाचा हिशोब आपोआप तयार.

निघण्याआधीचे पैसे

विमानाची तिकिटं दिवाळीच्या दिवसांत थेट विमानाला माणशी ४५,००० धरली. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून त्याऐवजी ऑनलाइन प्रवास परवाना आणला. त्याचं शुल्क ३० डॉलर आणि वर थोडं प्रक्रिया शुल्क, म्हणून माणशी ३५. शोधताना सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी दलालांची पानं वर येतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पत्ता 'गो डॉट केई' ने संपतोय ना, एवढं बघायचं.

पीतज्वराची लस मात्र बजेटपेक्षा कॅलेंडरची गोष्ट आहे. केनियाहून परतताना भारतात उतरायला लसीचं पिवळं प्रमाणपत्र लागतं, आणि ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस ठरावीक अधिकृत केंद्रांतच मिळते आणि आधी वेळ घ्यावी लागते. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. ताईच्या सासूबाईंनाही यायचं होतं, पण साठीच्या पुढच्या माणसांना ही लस पहिल्यांदा देताना डॉक्टर फार विचार करतात. त्यांच्या डॉक्टरांनी नको म्हटलं आणि चौघांचं बजेट तिघांचं झालं.

आणखी एक, दिवाळीचा फराळ. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, उद्यानांत तर एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवरही. चिवडा-चकली डब्यांत, डबे कापडी पिशवीत. विमानतळावरच्या दुकानाची प्लास्टिक पिशवीही उतरण्याआधी रिकामी करून टाकायची.

हिशोब

तिकिटं १,३५,००० रुपये. प्रवास परवाने ९,४५०. लस, विमा आणि पुणे-मुंबई ये-जा मिळून २०,०००. निघण्याआधीच १,६४,४५० झाले, म्हणजे एकूण मर्यादेच्या सुमारे ४४ टक्के.

तिथला डॉलरचा कप्पा: राहणं ५४५, जंगलाची सकाळ ४१०, नैवाशाची गाडी १८०. एकूण १,१३५ डॉलर, १,०२,१५० रुपये.

शिलिंगचा कप्पा: सहा दिवसांचं जेवण ४२,०००, टॅक्सी ११,१००, संग्रहालयं आणि करुरा ८,०००, जिराफ ४,५००, नैवाशातली बोट ६,०००, सिम-पाणी-बक्षिसी ६,०००. एकूण ७७,६०० शिलिंग, ५४,३२० रुपये.

भेटवस्तू आणि चहापत्ती १०,००० रुपये. सगळं मिळून ३,३०,९२०.

वर राखीव ४०,०००. ताईला ही रक्कम जास्त वाटली. पण नोव्हेंबरच्या आसपास छोटा पावसाळा सुरू होतो, एखादी दुपार वाया जाऊन टॅक्सीचा खर्च वाढतो. शिवाय नैरोबीत अधूनमधून मोठी निदर्शनं होतात. २५ जून २०२४ ला करवाढीविरुद्ध तरुण थेट संसदेत घुसले होते. अशा दिवशी मध्यवर्ती भाग बंद असतो आणि बेत बदलावा लागतो, कधी नोंदणीचे पैसेही जातात. रुपया घसरला तर डॉलरचा लाखभराचा कप्पा फुगतो, तोही इथूनच भरायचा. राखीव धरून आकडा ३,७०,९२० झाला. मर्यादेत बसला, चार हजार उरले.

सरासरी काढायचीच तर राहणं आणि खरेदी सोडून दिवसाला सुमारे १८,००० रुपये येतात. जंगलाचा दिवस ४२,००० चा, शहरी दिवस १०,००० च्या आतला, नैवाशाचे दोन दिवस प्रत्येकी १५,००० चे. अठरा हजारांचा दिवस एकही नाही. तो आकडा धरून निघालेलं कुटुंब पहिल्या दोन शहरी दिवसांत "बरेच वाचले" म्हणून हात सैल सोडतं आणि तिसऱ्या दिवशी उद्यानाच्या फाटकावर हिशोब कोलमडतो.

दरम्यान दाजींनी एका एजंटकडून पॅकेजचाही दर मागवला होता: माणशी १,१५,०००, विमान, हॉटेल, न्याहारी आणि "सर्व स्थलदर्शन" यांसह. तिघांचे ३,४५,०००, म्हणजे आमच्या राखीव रकमेसकटच्या आकड्याहून कमीच. मी पत्रक शेवटपर्यंत वाचायला सांगितलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत वगळलेल्या गोष्टी होत्या: प्रवास परवाना, लस, उद्यानांचं प्रवेशशुल्क, दोन्ही वेळचं जेवण, बक्षिसी, विमा. म्हणजे डॉलरमधली एक मोठी रक्कम बाहेरच. स्थलदर्शनाच्या यादीत नैरोबी नॅशनल पार्क होतं, फाटकापर्यंत नेण्यापुरतं. हे सगळं मिळवून तो दर चार लाखांच्या पुढे गेला. शिवाय परदेशी पॅकेजवर सरकार आधीच टीसीएस हा कर घेतं; तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तोपर्यंत पैसे अडकून पडतात. ताईने पॅकेज सोडलं.

आता कामं वाटून झाली आहेत. विमानाची तिकिटं आणि अपार्टमेंट दाजी बघणार, रद्द करता येईल असंच आरक्षण घेणार. लसीच्या वेळा ताईने धरल्या आहेत, निघण्याच्या महिनाभर आधीच्या. हत्तींच्या अनाथालयाची नोंदणी भाचीने तारखा ठरताच केली, कारण तो तास आधी भरतो. जंगलाची सकाळ तिने त्याच तारखेला जोडली आणि बाकीचे दिवस त्याभोवती बसवले.